हाड खाणारे राखणदार

लुह विद्यारीचे दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे पांढरे होते, आणि ते हलत होते. या दोन गोष्टी एकाच तोंडात कशा नांदतात हे दर्साना वाकच्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि त्याच्या डोक्यात जे शिरत नाही ते जगात नसतं, असा त्या घराचा रिवाज होता.

वाक म्हणजे लुहच्या बापाचा थोरला भाऊ. बाप ती लहान असतानाच गेला. तेव्हापासून तांदूळ कोणता शिजायचा, देवळात फुलं कोणती जायची आणि लुहने कुणाशी किती बोलायचं, हे सगळं ठरवणारा तोच. शिवाय तो गावच्या पचालांगांचा, म्हणजे गावकीच्या राखणदारांचा, म्होरक्या. काळ्या-पांढऱ्या चौकटीची लुंगी, कमरेला क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याची कट्यार, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी तो जेवतानाही काढत नसे. भाताने ऐनवेळी दंगा केला तर जवळ असावी, असं लुह मेमेच्या कानात म्हणायची, आणि मेमे, तिची आई, हसू पदराआड लपवत चुलीकडे वळायची.

त्याचे स्वतःचे दात बघण्यासारखे होते. लवंगी सिगारेटींनी तपकिरी झालेले, मुळाशी जुन्या देवळाच्या पायरीवर शेवाळ धरावं तसं कीटण धरलेले. ब्रश त्याला माहीत होता तो शिट्टी साफ करायचा. आणि तरी एकूणएक दात हिरड्यांत गोठ्यातल्या खुंट्यांसारखे रोवलेले. भाजलेल्या डुकराची कडक साल तो कडाकड फोडायचा, आणि फोडता फोडता लुहकडे बघायचा. ती केळीच्या पानावर भात कुस्करत बसलेली असायची.

"दात घासत जा गं," तो म्हणायचा. "बालवाडीत पोरांना शिकवतेस ना? मग तू पण शीक त्यांच्याबरोबर."

चुलत भावंडं खिदळायची. लुह दिवसातून दोनदा घासायची, जेवणानंतर चूळ भरायची, दोरा घालायची. ती काहीच बोलत नसे. तोंड उघडण्याच्या लायकीचं समोर कोणी आहे, असं तिला वाटतच नव्हतं.

दात हलतो हे तिला गाताना कळलं. गावात कुठेही पूजा असली की बायकांबरोबर ती किडुंग, देवाची गाणी, गायला बसायची. लांब, संथ सूर, धूप वर चढावा तसा वर चढणारा. एका ओळीत जीभ वरच्या दाताला टेकली आणि दात मागे सरकला. बाकावर पाहुण्याला जागा करून द्यावी, तसा अदबीने. तिने सूर सोडला नाही. पण पुढची सगळी ओळ ती दाताच्या भीतीने गायली, देवाच्या नाही.

मग खालचा एक. मग पहिल्या दाढा. हिरडीला नुसतं बोट लावलं तरी रक्त यायचं.

घरात बातमी पसरली तेव्हा वाकने कारण लगेच शोधून काढलं. कारणं त्याच्याकडे नेहमी तयारच असायची, दुकानातल्या चपलांसारखी, कुणाच्याही पायात घालता येतील अशी. आधी म्हणाला, चहात साखर जास्त घालते. मग म्हणाला, चोरून चिंचा खाते. शेवटी त्याला खरी चप्पल सापडली. दातांवर कानस फिरली नाही म्हणून हे झालं.

कानस फिरायची राहिली होती हे खरंच. वयात आल्यावर वरच्या सहा दातांवर, चार पुढचे आणि दोन सुळे, कानस फिरवायची; त्यांची टोकं मोडली की आतले षड्रिपू नरम पडतात आणि माणूस खरा माणूस होतो, अशी तिथली रीत. लुहच्या वयाच्या मुलींचं हे केव्हाच उरकलं होतं. तिचं राहिलं, कारण वाकला ते आजोबांच्या दहनविधीला जोडून करायचं होतं. आजोबा स्मशानात पुरलेले, दहनाची वाट बघत. आणि दहन असं व्हायला हवं होतं की शेजारच्या तिन्ही गावांनी जेवण सोडून बघत राहावं. दरवर्षी थाट पुरेसा वाटायचा नाही, दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं. आजोबा मातीत, लुह माणूसपणाच्या उंबऱ्यावर, आणि दोघांच्या मध्ये वाकची हौस.

"आता हिच्यातला क्रोध बघा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "धार मोडली नाही, तो आत दाबला गेला, आतून दात ढकलतोय. कानस फिरली की घट्ट बसतील. जुनी माणसं वेडी नव्हती."

लुहच्या मनात आलं, जुनी माणसं नव्हतीच वेडी. वेड मधल्या पिढीत शिरलं.

ती मेमेला घेऊन क्लुंगकुंग शहरात दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टर दायू बारीक चणीच्या, केसांचा घट्ट बुचडा, आवाजात जराही मध नाही. त्यांनी हिरडीच्या कडेने एक बोथट सुई आत सरकवली. ती जात राहिली, जायला नको होती तिथवर. मग त्यांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. पुढच्या दातांच्या मुळांभोवती, जिथे पांढरं दाट हाड दिसायला हवं, तिथे काळोखाचे खड्डे होते. पहिल्या दाढांपाशीही तेच. बाकी जबडा ठणठणीत.

मेमेने भीत भीत विचारलं, पोरगी नीट घासत नाही का.

"घासते. चांगलं घासते," डॉक्टर दायू म्हणाल्या. "हिच्यापेक्षा घाण तोंडं मी रोज बघते. त्यांचे दात हलत नाहीत."

लुहच्या डोळ्यांसमोर ताबडतोब एक तोंड आलं.

डॉक्टरीणबाईंनी मग सांगितलं ते असं. हिरडीच्या खाली काही जंतू घुसलेत, फार नाहीत. पण हाड खातात ते जंतू नव्हेत. जंतू आले की रक्तातले राखणदार धावतात. बहुतेकांचे राखणदार येतात, चोप देतात, घरी जातात. हिचे घरी जात नाहीत. तिथेच ठाण मांडतात, आरडाओरडा करतात, आणखी राखणदार बोलावतात. जे हत्यार जंतूंवर चालवायचं ते आजूबाजूला वाटेल तसं फिरवतात. जंतू बिळात सुखरूप, मार शेजाऱ्याला.

"आणि हाड?" लुहने विचारलं.

"हाड काही दगड नसतं. त्यात रोज पाडकाम चालतं आणि रोज बांधकाम. एक पेशी जुनं हाड विरघळवते, मागून दुसरी नवं भरते. पण हे राखणदार ओरडतात ना, ती हाक पाडकाम करणाऱ्यांनाच ऐकू जाते. ते कुदळी घेऊन येतात. बांधणारे तसेच बसून राहतात. हिरडी सुजलेली, शत्रू जवळ आलेला, मग शरीर म्हणतं, हाड मागे घ्या. दात तिथेच राहतो, त्याच्याखालची जमीन जाते."

"म्हणजे माझंच रक्त हे करतंय."

"तुझंच. आणि तुला वाचवायला करतंय, असं त्याला वाटतंय."

लुह खुर्चीत आडवी, तोंडावर दिवा, ओठाला लाळ. आणि तिला हसू फुटलं. मेमेला वाटलं पोरगी रडते आहे. पण लुहला आठवली होती गेल्या वर्षीची कोंबडी. गावच्या देवळाच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी एक कोंबडी पळवली. वाकने शिट्टी फुंकली. चाळीस पचालांग जमले, भाले घेऊन, वॉकीटॉकी घेऊन. चोर भिंतीपलीकडे आहे म्हणून त्यांनी भिंत पाडली. भिंत पडली तर छपरी कोसळली, म्हणून वासे ओढून काढले. चोराचा पत्ता नव्हता. चोर बहुधा गर्दीत उभा राहून मदत करत होता. दुसऱ्या दिवशी वाकने पाडलेल्या विटांवर उभं राहून भाषण केलं की देऊळ वाचलं. बायकांनी पाऊस लागेपर्यंत उघड्यावर नैवेद्य शिजवला. लुहने तेव्हा दोन ओळी रचल्या होत्या, आणि त्या किडुंगाच्याच चालीवर नारळ खवताना बायका अजून गुणगुणायच्या:

भिंतीला बीळ उंदराचं, धावून आला गं वीर,
उंदीर बसला ओसरीत, वीरानं पाडलं घर.

आता तेच वीर तिच्या हिरडीत होते. तिला भीती वाटायच्या आधी तिटकारा वाटला. जन्मभर ज्या माणसाला ती तोंडावर बोलली नाही, तो तिच्या तोंडातच येऊन बसला होता, शिट्टीसकट. शेवटी रक्त एकाच घरचं.

डॉक्टर दायूंनी विचारलं, घरात आणखी कुणाचे दात लवकर गेले का. मेमे बराच वेळ आपल्या पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. मग म्हणाली, हिच्या बापाचे. केस काळे होते तेव्हाच पुढचे दात पडले होते. दर्सानादादा म्हणाले, कुणीतरी करणी केली. त्यांनी मांत्रिक आणला, मांत्रिकाने अंगणातलं आंब्याचं झाड तोडायला लावलं.

"दात थांबले?"

"नाही. आंबेही गेले."

उपचार सुरू झाले. हिरडी बधिर करून खालची घाण खरवडली, गोळ्या दिल्या. हलणाऱ्या दातांच्या मागून बारीक तार चिकटवली, अंधारात मुलांनी एकमेकांचे हात धरावेत तशी. जंतू हटले की राखणदारांचा आवाज हळूहळू उतरेल, पण त्याला महिने लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गेलेलं हाड बहुतेक परत यायचं नाही. आहे ते धरून ठेवायचं. आणि तोपर्यंत त्या दातांना हादरा नको. कानस तर मुळीच नको. मुळाशी जे दोन धागे उरलेत तेही तुटतील.

नेमका त्याच आठवड्यात वाकचा थाट पुरा झाला.

दहनाची तारीख निघाली. आदल्या दिवशी कानस. मेमेने चुलीशी उभं राहून, जमिनीकडे बघत, डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. वाकने पूर्ण ऐकून घेतलं. ऐकताना तो दातात काडी घालत होता, आणि काडी मोडली.

"हाड सोडून गेलं म्हणे," तो म्हणाला. "हाड काय हॉटेलातला नोकर आहे सोडून जायला? आणि राखणदार घर पाडतात, असं कोण म्हणतं? राखणदार मी आहे. मला विचारा."

चुलीशी कोणी हसलं नाही. लुहने मेमेकडे पाहिलं आणि मेमेने जाळाकडे.

पुढचं वाकचं म्हणणं साधं होतं. कानस फिरली नाही तर लुह माणसांत नाही. माणसांत नाही तर आजोबांच्या मिरवणुकीत नाही. उद्या मेली तर पितर तिला ओळखणार नाहीत. लुहला वाटलं, पितर वाकसारखे असतील तर ओळख न पटलेलीच बरी. पण मेमेचा चेहरा राख झाला होता. नवरा असाच गेला होता, तोंडात दात नसताना, आणि तिला अजून स्वप्नात यायचा, तोंडावर हात धरून. त्या चेहऱ्याकडे बघून लुह म्हणाली, बरं, झोपते मी कानसेखाली.

मात्र ती आधी जेरो सांगिंगकडे जाऊन आली. कानस चालवणारे म्हातारेबुवा, हात चंदनाच्या काडीसारखे. तिने दात दाखवले. त्यांनी अंगठ्याने एक जरासा हलवला आणि लगेच हात काढून घेतला. विधीला स्पर्श पुरतो, ते म्हणाले, बोळक्या आज्यांना मी नुसता स्पर्शच करतो. पण तुझ्या वाकला आवाज हवाय. खास निरोप आला होता, आवाज नीट आला पाहिजे.

मग त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आरसा देतो तेव्हा विचारतो की नाही, झालं का मनासारखं? सगळे म्हणतात, अजून थोडं. पोरी, ते विचारणं खोटं नसतं."

आवाज कशाला हवा होता ते लुहला विधीच्या सकाळी कळलं. पूर्वेकडच्या मंडपात सोनेरी कापडांचा पलंग, उशाशी नैवेद्यांचे मनोरे, पायाशी गेंदेर, धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवणारे. आणि पलंगाच्या खांबाला बांधलेला माईक. वाकने भोंगे पार वेशीपर्यंत लावले होते. पुतणीच्या दातांवरून फिरणारी कानस सगळ्या गावाला ऐकू जायला हवी होती. त्याचं दातृत्व कर्रकर्र वाजायला हवं होतं.

लुह आडवी झाली. पिवळ्या रेशमात गुंडाळलेली, केसांत सोनेरी फुलं, नवरीसारखी. छातीवर हात जोडलेले. दाढांमध्ये उसाचं कांडं, तोंड उघडं राहावं म्हणून. मेमे एका बाजूला, लाळ आणि चुरा झेलायला कोवळं पिवळं शहाळं धरून. दुसऱ्या बाजूला वाक, लुंगी कडक इस्त्रीची, शिट्टी गळ्यात. गेंदेरचे सूर पानांवरून पाणी ओघळावं तसे ओघळत होते आणि त्या सगळ्या सुंदरपणाच्या मधोमध तो उभा होता, रस्ता अडवल्यासारखा.

जेरो सांगिंगनी मंत्र म्हटला. सुळ्यावर कानस टेकवली, उचलली. दुसऱ्या सुळ्यावर टेकवली, उचलली. भोंग्यांतून फक्त लुहचा श्वास गेला गावभर.

"जोरात, जेरो," वाक म्हणाला. तेही गेलं गावभर.

म्हातारेबुवांनी वाककडे पाहिलं. माणूस भला होता, पण त्याच गावात राहत होता. कानस पुढच्या दातावर आली आणि या वेळी ओढली गेली. कर्र. लुहला आवाज कानात नाही, कवटीत ऐकू आला. तारेने धरलेले चारही दात एकदम हलले. जिभेवर खारट, कोमट काहीतरी पसरलं.

"हां," वाक समाधानाने म्हणाला. "असं."

लुहने डोळे उघडले. वर वाकलेला तो चेहरा तिने उलटा पाहिला, हनुवटी वर आणि ते तपकिरी, घट्ट, निर्लज्ज दात. हा माणूस कधीच घरी जाणार नाही, असं तिला शांतपणे वाटलं. चोर आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त ओरडता यायला हवं होतं.

तिने हात पुढे केला. जेरो सांगिंगनी घाईने, जवळजवळ पळत, आरसा त्या हातात दिला आणि विचारलं, झालं का मनासारखं.

लुहने उसाचं कांडं काढून शहाळ्यात टाकलं. आरशात दात पाहिले. होते तिथेच होते, कडेला लाल रेघ. ती माईकच्या बाजूला वळली.

"झालं," ती म्हणाली. "पुरे."

गेंदेर थांबली. "पुरे काय?" वाक म्हणाला. "एकच झालाय अजून. आडवी हो."

"विचारलं मला होतं, वाक. तुम्हाला नाही."

वेशीपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण बाहेर लांबवर कुणीतरी हसलं. जेरो सांगिंगनी कानस पुसून कापडात गुंडाळली. जिचे दात तिने म्हटलं, ते म्हणाले, आता माझ्या हातून दुसऱ्यांदा होत नाही. आणि असा सुटकेचा श्वास सोडला की तोही भोंग्यांनी गावाला दिला.

वाक मग जे बोलला ते लुहच्या बापापासून सुरू झालं आणि डॉक्टरीणबाईंवरून जेरो सांगिंगच्या वाडवडिलांवर गेलं. माईक चालूच होता. कुणी बंद केला नाही. गावच्या राखणदारांच्या म्होरक्याच्या तोंडात काय काय साचलंय, ते पहिल्यांदाच वेशीपर्यंत वाहून गेलं. शेवटी त्याने मेमेच्या हातातलं शहाळं ओढून घेतलं आणि त्यात डोकावला. किती चुरा पडलाय ते बघायला.

"रिकामं आहे," तो म्हणाला. "बघा सगळे. नुसती थुंकी."

मेमेने शहाळं परत घेतलं. ओढलं नाही, नुसतं घेतलं, लहान मुलाच्या हातून सुरी घ्यावी तसं. त्यावर केळीचं पान झाकलं.

"माझ्या मुलीचं रक्त आहे त्यात, दादा," ती म्हणाली. "तोंड नका घालू."

ती मंडपातून उतरली आणि सगळ्यांच्या देखत घरच्या देवळामागे गेली, जिथे हे पुरायचं असतं. तिच्या मागे एकेक करून बायका उठल्या. कोणीतरी किडुंग धरला. लुहला गाता येत नव्हतं, ओठ सुजले होते. ती पलंगावर बसून रक्त गिळत राहिली आणि ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांच्या मिरवणुकीत चालली. वाकने थांबवलं नाही, कारण त्याला थांबवायला पुढे उभं राहावं लागलं असतं, आणि पुढे उभं राहिलं की पोरं भोंग्याचा आवाज काढत होती.

उपचार चालू राहिले. डॉक्टर दायूंनी त्या कर्रची हकीकत ऐकून तोंड इतकं कडू केलं की लुहला बरं वाटलं. खालचा एक दात गेला. तो वाचेल असं त्याही कधी म्हणाल्या नव्हत्या. वरचा, ज्यावर कानस ओढली गेली, तो बरेच दिवस सुजल्या हिरडीत तरंगत राहिला आणि मग, कुणालाही न विचारता, थांबला. सुई आता कमी आत जायची. रक्त यायचं नाही. फोटोतले काळे खड्डे तेवढेच होते, पण त्यांच्या कडा रेखीव झाल्या होत्या. पाडकाम बंद पडलं की अशा होतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मात्र हे राखणदार बदलत नसतात, एवढं लक्षात ठेव. थोडी घाण दिसली की पुन्हा धावतील. जन्मभर तुलाच त्यांच्यावर नजर ठेवायची.

ते लुहला कठीण वाटलं नाही. त्या जातीची तिला सवय होती.

गेलेल्या दाताची फट वाकला दिसली तेव्हा तो पानावरून म्हणाला, बघा, सांगितलं होतं, पुरी फिरवली असती तर राहिला असता. भावंडांपैकी कोणी हसलं नाही. लुहने त्याच्याकडे पूर्ण तोंड उघडून, फटीसकट, एकदा नीट पाहिलं, आणि भाजलेल्या डुकराची साल उचलून हळूच मागच्या घट्ट दाढेखाली ठेवली.